कुंदाताईंची गर्दी

परग्रहावरचे कामगार आपसात मराठीत काय बोलतात, हे ठरवण्याचा अधिकार माझ्या माहितीत एकाच बाईकडे होता. कुंदाताई तांबे. राहायला परळ, वय विचारायची सोय नाही, उंची पाच फुटांच्या आत. आवाज मात्र असा, की त्यांनी करी रोडच्या पुलावरून हाक मारली तर लालबागच्या बाजारात मिरची निवडणारी बाई मान वर करून बघेल.

माझा धंदा सांगितल्याशिवाय त्यांची ओळख करून देता येणार नाही. परदेशी सिनेमे मराठीत बोलते करायचे, त्यांचे संवाद लिहायचे, हे माझं काम. पडद्यावरचा माणूस तोंड उघडतो आणि मिटतो, तेवढ्यात मराठी वाक्य संपलं पाहिजे. मी गिरगावातला, शाळेत निबंधाची बक्षिसं घेतलेला. माझी वाक्यं संपत नसत. नायक बोलून, यानात बसून निघून गेला तरी माझं क्रियापद यायचं बाकी असे. त्यात विज्ञानपट माझ्या वाट्याला आले, कारण मला विज्ञान कळतं असा स्टुडिओचा समज होता. बारावीला सायन्स होतं, एवढंच मी सांगितलं होतं. निकाल कोणी विचारला नाही.

आता गर्दीचं सांगतो. सिनेमातल्या मुख्य पात्रांना नावाजलेले आवाज मिळतात. पण पडद्यावर बाजार भरला, दंगल झाली, तुरुंग फुटला, की त्या जमावाचे आवाज वेगळे भरावे लागतात. त्याला आमच्यात क्राउड म्हणतात. आठ-दहा माणसं एका माईकभोवती उभी राहतात आणि पडद्यावरची पाचशे माणसं होतात. पाळीवर पैसे, नाव कुठे येत नाही. आमच्या स्टुडिओत क्राउडच्या प्रमुख कुंदाताई.

स्टुडिओ करी रोडला, एका गिरणीच्या जुन्या गोदामात. पुढच्या बाजूला काचेचा टॉवर, मागे आम्ही. पहिल्यांदा त्यांच्याशी गाठ पडली ती एका लांबच्या ग्रहावरच्या खाणीमुळे. खाणीतले कामगार बंड करतात असा प्रसंग होता आणि गर्दीसाठी मी झोकात लिहिलं होतं, 'आम्हांस मुक्तता हवी. ही गुलामगिरी आम्ही आजपासून झुगारून देत आहोत.'

कुंदाताईंनी चष्मा कपाळावर सरकवला. जवळचं वाचायला त्या चष्मा काढत, लांबचं बघायला लावत, आणि माणसाकडे बघताना कपाळावर ठेवत.

"लेखक कोण?"

मी हात वर केला.

"हे लोक आत्ता कुठून आलेत?"

"खाणीतून."

"पाळी सुटल्यावर, की मध्येच काम टाकून?"

मी कागदात बघितलं. तिथं ते नव्हतं.

"किती तासांची पाळी असते?"

"परग्रह आहे हो," मी म्हणालो. "तिथला दिवस किती तासांचा असेल, काय सांगणार."

"खाणीच्या मालकाला विचारा. त्याला पक्कं माहीत असेल."

माईकभोवतीची सगळी हसली. मग त्यांनी माझा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि माणसं कामाला लावली. "रमेश, तू छिन्नीवर. खांदा धरलाय कालपासून. सविता, तू भट्टीपाशी, तुझी बहीण रजेवर गेली ती परत घेतली नाही. पाटील, तुम्ही नवीन, तुम्हाला अजून कळत नाही कोणाच्या बाजूनं बोलायचं." प्रत्येकाला एक खातं आणि एक तक्रार. तक्रार नसलेला कामगार त्यांनी बघितला नव्हता. असलाच तर तो मुकादमाचा माणूस, असं त्यांचं मत होतं.

कोणी ओरडलं नाही. नुसती कुजबुज सुरू झाली. डबा, खांदा, रजा, पाणी. मग कुठूनतरी कोपऱ्यातून एकानं "नाही उतरणार खाली" म्हटलं, आणि ते पसरत गेलं. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाल्या फ्रान्सिसनं अंगठा वर केला. मी असा चेहरा केला, की हेच तर मला लिहायचं होतं.

त्याचं पुढं जे झालं ते ऐकण्यासारखं आहे. सिनेमा वाहिनीवर लागला तेव्हा कोणीतरी संगीत खाली घेतलं, आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. पृथ्वीपासून कोट्यवधी मैलांवर, दोन सूर्यांच्या उजेडात, एक कामगार बाई दुसरीला विचारतेय, "तुमच्याकडं पाणी आलं का गं?" आणि दुसरी सांगतेय, "आलं होतं, चारला गेलं."

वाहिनीच्या माणसाचा मला फोन. हे स्क्रिप्टमध्ये आहे का? मी एक श्वास घेतला आणि सांगितलं, की त्या ग्रहावरचा जलतुटवडा हाच कथेचा गाभा आहे, आणि तो सामान्यांच्या तोंडून सूचित केलाय. मग तो म्हणाला, "सर, इतका विचार कोणी करत नाही हो." पुढचे तीन सिनेमे मला त्या एका फोनवर मिळाले. कुंदाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग सविताला चहा पाज. ओळ तिची होती."

मी नेहमी बरोबर, त्या नेहमी चूक, किंवा उलट, असं मुळीच नव्हतं. एकदा त्यांच्या डोक्यात आलं, की अवकाशात वजन नसतं तर आवाजालाही नसणार. त्यांनी दहा माणसांना दुपारभर नाकातून बोलायला लावलं. मी, विज्ञानाचा माणूस म्हणून, त्याला दुजोरा दिला. संध्याकाळी दिग्दर्शकानं ऐकलं आणि यानातल्या सगळ्यांना सर्दी झालीय का, एवढंच विचारलं. सगळं पुसून दुसऱ्या दिवशी परत भरलं. कुंदाताई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, की चूक त्यांची नाही, त्या दिग्दर्शकाचा वरती जायचा योग नाही.

हट्टी होत्या आणि थोड्या दुष्टही. उशिरा येणाऱ्याला त्या प्रेताचं काम देत. पैसे पुरते मिळत, पण दिवसभर बाकीचे रडत-ओरडत असताना आपण गप्प उभं राहायचं. त्यापेक्षा लोक टॅक्सी करून येत. मे महिन्यातही गळ्याला मफलर, थर्मासमध्ये ओव्याचं गरम पाणी. रेकॉर्डिंगआधी वडा खाल्लेला वास त्यांना दारातून येई. रेकॉर्डिंग संपलं की स्वतः दोन खात.

पहिल्या पाळीनंतर चहा पिताना मी जी माती खाल्ली, ती सांगायलाच हवी. तांबे म्हणजे कोकणातले, मी हिशेब केला. "गाव कुठलं तुमचं?"

"गुहागरकडं."

"अरे वा, आमचंही तिकडचंच. म्हणजे आपण एकाच गावचे निघू."

"गाव एक असेल," कुंदाताई म्हणाल्या. "वाडी वेगळी."

मी म्हटलं, वाडीचं काय एवढं, आणि बिस्कीट बुडवलं. बिस्कीट तुटून चहात पडलं तेव्हा मला कळलं त्या काय म्हणाल्या ते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि चमचा पुढे केला. "काढा ते. नाहीतर बशीत सांडेल."

त्यांचे वडील गिरणीत आणि संध्याकाळी जलशात गायला. आंबेडकरी जलसा. पाठीमागं झील धरणाऱ्यांत कुंदाताई फ्रॉकमध्ये असताना उभ्या राहत. आवाज तिथला. पुढे उभा राहणारा चुकला तरी पाठीमागच्यानं चुकायचं नाही, ही शिस्तही तिथली.

विज्ञानपट त्यांनी माझ्याइतकेच बघितले होते, पण बघायची तऱ्हा वेगळी. पडद्यावर पांढरंशुभ्र यान आलं, की मी दिपून जाई. त्या म्हणत, "एवढं मोठं घर आणि झाडू कुठं दिसत नाही. झाडणारीला बाहेर उभी केली असणार." एका सिनेमात घरकाम करणारी यंत्रबाई होती. हुबेहूब माणसासारखी, मालकाच्या मुलाला झोपवणारी. मी त्यावर चहाच्या टेबलाशी बराच वेळ बोललो, की यंत्राला भावना असू शकतात का, हा या शतकाचा प्रश्न आहे. कुंदाताई ऐकत होत्या.

"भावनांचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "हिला रविवार असतो का?"

मग त्यांच्या शेजारणीचं निघालं. ती फोनवरून बोलावलं की घरं साफ करायला जाते. ती दारात उभी राहिली की फोनमध्ये घड्याळ सुरू होतं. मालकिणीनं चहा विचारला तर ती नाही म्हणते, कारण चहा पिताना घड्याळ थांबत नाही. "तिला भावना आहेत," कुंदाताई म्हणाल्या. "मी स्वतः बघितल्यात. कंपनीला नाही दिसत."

आणखी एका सिनेमात दोन प्रकारची माणसं होती. जन्मलेली आणि कारखान्यात बनवलेली. बनवलेल्यांनी खालच्या मजल्यावर राबायचं, पण वरच्या दालनातल्या मुख्य यंत्राला हात लावायचा नाही, कारण जन्मलेले त्याला ओठ लावून श्वास देतात, असं काहीतरी. मला हे फार ताणलेलं वाटलं. मी म्हटलं, ही ओळ उडवू या. नफा हवा असलेला मालक चांगला कामगार असा वाया घालवणार नाही, प्रेक्षकांना पटणार नाही.

"नको उडवू," कुंदाताई म्हणाल्या. तोपर्यंत त्या मला अरे-तुरे करायला लागल्या होत्या. "आमचे आजोबा कताईत होते. विणाई खात्यात पगार जास्त, पण आमच्या लोकांना तिथं घेत नसत. का माहितीय? धोट्यात नवीन कांडी घातली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागायचं. आमच्या तोंडचा धागा दुसऱ्यानं तोंडात कसा घ्यायचा? मशीन इंग्लंडचं होतं. त्याला काही चालत होतं. त्याच्याभोवतीच्यांना चालत नव्हतं."

फ्रान्सिस काचेपलीकडून "सुरू करू या का" विचारत होता. ओळ ठेवली. ती भरताना कुंदाताईंनी नेहमीसारखी खाती वाटली नाहीत. खालच्या मजल्यावरचे सगळे आवाज त्यांनी एकटीनं, एकामागून एक भरले.

माझ्या मूर्खपणाचा जाहीर प्रयोग गिरगावातल्या एका वाचनालयात झाला. 'विज्ञानपट आणि उद्याचा माणूस' असं माझं व्याख्यान. कुंदाताईंना मी आग्रहानं बोलावलं, कारण श्रोते कमी पडतील अशी भीती होती. मी तासभर बोललो. यंत्र एक दिवस माणूस होईल, या भीतीतून हे सिनेमे जन्मतात, असा माझा सिद्धान्त. प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि मागच्या रांगेतून तो आवाज आला. माईकची गरज नव्हती.

"भीती कोणाची म्हणालास?"

"मानवजातीची."

"सगळ्या मानवजातीची नाही. ज्यानं दुसऱ्याला मशीनसारखं राबवलंय, त्याची. हे उठले तर आपलं काय, असं त्याला वाटतं. पिक्चर त्यानं काढलाय. आम्ही काढला असता तर वेगळा झाला असता."

"कसा झाला असता?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"लांबला असता. बंड दोन तासांत मिटतं, हिरो येतो आणि मिटवतो. संप तसा मिटत नाही. आमच्या गिरण्यांचा अजून कोणी मागं घेतलेला नाही."

सभागृहात पहिल्यांदाच टाळ्या पडल्या. त्या आवाजानं अध्यक्ष जागे झाले, व्याख्यान संपलं असं समजून आभार मानले, आणि शाल मला द्यायची ती गडबडीत माझ्या शेजारच्या चिटणिसांना घातली.

मग स्टुडिओत समीर आला. नवा व्यवस्थापक. तरुण, मऊ बोलणारा, सगळ्यांना ताई-दादा म्हणणारा. त्यानं क्राउडला कॅन्टीनमध्ये बसवलं आणि समजावून सांगितलं. प्रत्येकानं एक दिवस माईकसमोर बसायचं. दिलेला मजकूर वाचायचा, हसायचं, रडायचं, ओरडायचं. नंतर त्या आवाजातून मशीन हवी तेवढी गर्दी तयार करेल. त्याचे पैसे एकदाच, पण एका पाळीपेक्षा कितीतरी जास्त. वाचायचा मजकूर मी लिहिला होता. मराठीतला प्रत्येक उच्चार त्यात यावा अशी अट होती आणि मी त्यावर खूश होतो.

कुंदाताईंनी करारनामा डोळ्यांजवळ धरून वाचला.

"मी मेले तर?"

"तरी चालतं ताई," समीर म्हणाला. त्याला ही सोय वाटत होती.

"कशात वापराल?"

"कशातही. ते क्लायंटवर असतं."

"म्हणजे कामगारांवर सोडलेल्या पोलिसाच्या तोंडी माझा आवाज घालता येईल."

"तसं कोणी मुद्दाम करणार नाही."

"मुद्दाम कोणीच काही करत नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. मग त्यांनी एकच मागणी ठेवली. जितक्या सिनेमांत आवाज वापराल, तितक्यांदा पैसे द्या. थोडे द्या, पण दर वेळी द्या. समीरनं वरती विचारतो म्हटलं, आणि खरंच विचारलं. वरून नाही आलं.

क्राउडमधल्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या एक शब्द बोलल्या तर कोणी सही केली नसती, आणि त्या हे जाणून होत्या. घरचं प्रत्येकाचं त्यांना ठाऊक होतं. रमेशच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची होती.

"मी बसणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही ठरवा. जो बसेल त्याच्याशी मी बोलणं टाकणार नाही, एवढं सांगते."

रमेश सही करून आला तो थेट त्यांच्यासमोर उभा राहिला. कित्येक वर्षं तो त्यांच्या डाव्या हाताला उभा राहून ओरडला होता. कुंदाताईंनी थर्मास उघडून झाकणात पाणी ओतलं.

"हे पी. आणि ऐक. ओरडायचं शेवटी ठेव. आधी ओरडलास तर हसताना घसा बसेल. रडायचं जेवणाच्या आधी. आणि त्यांनी अजून एकदा म्हटलं तर अजून एकदा करू नकोस, घसा तुझा आहे."

"बरं ताई," रमेश म्हणाला.

बाकीच्यांनीही एकेक करून सह्या केल्या. त्यानंतर क्राउडला बोलावणं आलं नाही. ज्यांनी सही केली त्यांना नाही आणि जिनं केली नाही तिलाही नाही. माझं काम तूर्तास आहे. आता अनुवादाचा पहिला खर्डा मशीन करतं आणि मी तो तपासतो. त्याची वाक्यं माझ्यापेक्षा लवकर संपतात, हे समीर मला अधूनमधून मऊ आवाजात सांगतो.

मध्यंतरी परळला कुंदाताईंकडे गेलो. चाळीच्या जागी टॉवर झालाय, त्यात अकराव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. दार सून प्रतिमानं उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत कुंदाताई लॅपटॉपसमोर, कानाला हेडफोन, चष्मा कपाळावर.

काम प्रतिमाचं होतं, ती घरून करायची; आता सासू-सून वाटून करतात. आवाजाचे छोटे तुकडे येतात. प्रत्येक ऐकायचा आणि सांगायचं, हा माणूस बोलतोय की मशीन. तुकड्यामागे काही पैसे. कुठल्या कंपनीसाठी हे प्रतिमाला माहीत नाही. असं सांगून सांगूनच म्हणे मशीन सुधारतं.

"बस," कुंदाताई म्हणाल्या आणि हेडफोन माझ्या कानांवर चढवले. "तू ओळख. तुझा धंदा आहे."

मी ओळखले. पहिला मला ठामपणे माणूस वाटला, तो मशीन निघाला. दुसरा इतका कृत्रिम होता की मी हसलो. तो खरा माणूस होता, कुठल्याशा बँकेतला. तिसऱ्याच्या वेळी प्रतिमानं स्वयंपाकघरातून सांगितलं, "काका, चुकलं की लाल येतं. फार लाल झाले तर आमचं काम बंद करतात." मी हेडफोन निमूट काढून दिले.

त्यांचं भराभर चालू होतं. एकदाच ऐकायच्या आणि बटण दाबायच्या. हिरवं, हिरवं, हिरवं. मग एका तुकड्यावर त्या थांबल्या. परत लावला. हेडफोनची वायर काढली आणि खोलीत आवाज आला, 'दार उघडा. कोणीतरी दार उघडा. आम्ही आत आहोत.'

मलाही कळलं. रमेश होता.

"ही ओळ आपण कधी भरली?" मी विचारलं.

"नाही भरली. त्यानं म्हटलेलीच नाही ही."

"मग मशीन."

कुंदाताईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पडद्याकडे बघत राहिल्या. दोन चौकटी होत्या. त्यांनी 'माणूस' दाबलं. पडदा लाल झाला.

"आई," आतून प्रतिमा म्हणाली.

"हो."

पुढचा तुकडा आपोआप सुरू झाला. यात शब्द नव्हते. बरीच माणसं एकदम ओरडत होती, आणि नीट ऐकलं तर ती सगळी रमेशच होती, जाड केलेला, बारीक केलेला, म्हातारा केलेला. कुंदाताईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि 'माणूस' दाबलं. परत लाल.

प्रतिमा हात पुसत बाहेर आली. तिनं पडद्याकडे बघितलं, मग सासूकडे. खुर्ची ओढून शेजारी बसली आणि मला म्हणाली, "काका, तुम्ही चहा घेऊन जा हां. ह्याला वेळ लागेल आता."